धारगळचा कोल्हा

सर गेले तेव्हा शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी शोकसभा ठेवली आणि मला निरोप आला, की मी कोल्ह्याचा किस्सा सांगावा. आमच्या वेळच्या मुलांमध्ये तो किस्सा अजून चालतो. दोन पोरींनी एक साधा ट्रान्झिस्टर आणि एक होकायंत्र घेऊन दीड तासात डोंगरातला चोरटा रेडिओ कसा शोधून काढला, वगैरे. सांगणारा हसतो, ऐकणारे टाळ्या देतात, आणि शेवटी कोणीतरी म्हणतंच, ‘सरांचं शिकवणंच तसं होतं.’ त्या दोन पोरींपैकी एक मी. घसा बसलाय असं मी कळवलं. घसा ठणठणीत होता, सकाळीच शेजारणीशी नळावरून भांडून झालं होतं. तेव्हा मी गेले नाही ती लाजेने. आज बोलावलं तर जाईन, आणि जे बोलेन ते कोणाला आवडणार नाही. म्हणून इथेच लिहून ठेवते.

आमचं घर पाळीला, खाणीच्या रस्त्याला लागून. बाबा खाणीवर खनिजाचा ट्रक चालवत. ते मूळचे सिंधुदुर्गातले, सावंतवाडीकडचे, आणि आई पेडण्यातली, धारगळची. त्या घरातल्या वस्तूंना स्वतःचा रंग नव्हता, सगळ्यांना एकच लाल रंग होता. आई पेजेच्या तोपावर झाकण, झाकणावर फडकं आणि फडक्यावर पुन्हा एक ताट ठेवायची, तरी पेजेत दाताखाली कचकच यायचीच. जनेल उघडलं की धुरळा, बंद केलं की उकाडा. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की मी उंडे घ्यायला धावायची आणि येताना ते ओढणीखाली झाकून आणायची, कारण तेवढ्या वाटेत एक ट्रक गेला तरी पाव लाल व्हायचा. दिवसभर ट्रकांची घरघर असे. ती थांबली की आई हातातलं काम टाकून दाराशी यायची. घरघर थांबणं म्हणजे कुठेतरी अपघात, नाहीतर संप. आवाज आहे तोवर सगळं बरं आहे आणि आवाज थांबला की काहीतरी झालंय, हे मी शाळेत जायच्या आधी शिकले.

आवाजाचं पुढचं शिक्षण दिगूमामाचं. आईचा हा धाकटा भाऊ. धारगळला हमरस्त्याला लागून त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक मेज, एक मोडकं कदेल, म्हणजे खुर्ची, आणि छतापर्यंत उघडे रेडिओ. सातवी शिकलेला माणूस, पण कुठल्याही डब्याचं मागचं झाकण उघडून नुसता वास घेतला तरी काय जळलंय ते सांगायचा. बोलताना मात्र अडखळायचा. पहिलं अक्षर तोंडात अडकलं की मान एका बाजूला झुकवून, डोळे मिटून, ते सुटेपर्यंत उभा राहायचा. गिऱ्हाईकं हसत. त्यामुळे तो कमी बोले आणि जास्त ऐके. मे महिन्याच्या सुट्टीत मी त्याच्याकडे असायची. दुपारी मामी आंब्याचं सासव आणि उकड्या तांदळाचा भात वाढायची, आणि जेवल्यावर मामा मला काजूच्या बागेतल्या खोपीत घेऊन जायचा. काजूच्या दिवसांत तिथे फेणीची भट्टी लागे, एरवी ती रिकामीच. तिथे बसून आम्ही टेप ऐकायचो. जत्रेतले दशावतार मामा स्वतः टेप करून आणायचा. त्यातली एक टेप आमची लाडकी होती. राक्षस मोठ्याने गरजत पुढे येतो, पेटीवाला सूर लावतो, आणि नेमका त्याच क्षणी मागून खाजेवाला ओरडतो, ‘गरम खाजां, गरम खाजां.’ राक्षसालाही हसू आवरत नाही. तो खाजेवाला आला की मी आणि मामा रोज नव्याने हसायचो.

एकदा त्याने ट्रान्झिस्टर माझ्या हातात दिला आणि सांगितलं, हळूहळू फिरव. मी स्वतःभोवती गोल फिरले. एका ठिकाणी गाणं एकदम बारीक झालं, जवळजवळ गेलंच. मी थांबले तर तो म्हणाला, ‘हां. थ... थय. आता रेडिओची अरुंद बाजू खय बघता? थय स्टेशन.’ मला ते उलटं वाटलं. आवाज मोठा येतो तिथे स्टेशन असायला हवं. मामाने मान हलवली. ‘मोठो आवाज चारय बाजूंनी मोठोच येता. म... मरता तो एकाच बाजूक. खय मरता ता बघ.’ घरातल्या साध्या ट्रान्झिस्टरच्या पोटात एक काळी कांडी असते, ती स्टेशनाच्या रोखाने आली की तिला ऐकू येत नाही, हे त्याने झाकण उघडून दाखवलं. त्या एका वाक्यावर पुढे माझं नाव झालं आणि त्याचं घर बसलं.

आठवीत असताना शाळेत सर आले. विज्ञान शिकवत, स्काउट आणि गाइडचं पथक त्यांच्याकडे होतं, आणि त्यांच्याजवळ हौशी रेडिओचा परवाना होता. डिचोली आणि पेडणे या दोन तालुक्यांत असा परवाना असलेले ते एकटेच, असं तेच सांगत. त्यांच्या घराच्या कौलांवरून माडापर्यंत तार ताणलेली असायची. शनिवारी दुपारी आम्ही सातआठ जण त्यांच्या मेजाभोवती दाटीवाटीने बसायचो आणि ते बटण फिरवून कुठल्या कुठल्या देशातला माणूस पकडायचे. परवाना नसलेल्याने यंत्राला हात लावायचा नाही, पण सर शेजारी असतील तर नमस्कार सांगता येत असे. मी पहिल्यांदा बोलले तेव्हा पलीकडे श्रीलंकेतली एक बाई होती. तिने माझं नाव एकेक अक्षर सुटं करून परत म्हटलं. माझं नाव एवढ्या काळजीने त्याआधी कोणी घेतलं नव्हतं.

सरांचा पहिला धडा यंत्राचा नव्हता, वहीचा होता. कोणाशी बोललो, किती वाजता, कुठल्या लहरीवर, आवाज कसा होता, सगळं लॉगबुकात लिहायचं. ‘लॉगबुकात खोटं लिहायचं नाही,’ ते म्हणत. ‘तोंडाने माणूस काहीही बोलेल. वही खरी पाहिजे.’ माझं अक्षर चांगलं म्हणून पथकाची वही माझ्याकडे आली. मी ती उशाशी घेऊन झोपायची.

ते दिवस गोव्यात राजभाषेच्या भांडणाचे होते. भिंतीवर एका बाजूला कोकणी, दुसऱ्या बाजूला मराठी, आणि मधल्या दगडावर शिव्या. रस्त्यात झाडं आडवी पडत, बसगाड्या बंद होत. माझी मैत्रीण फिलू, फिलोमिना, कारापूरची. तिच्या घरचे कोकणीचे, आमच्या घरचे मराठीचे. तिच्या वडिलांनी आणि माझ्या बाबांनी एकाच आठवड्यात आम्हाला एकमेकींशी बोलू नका म्हणून सांगितलं. सरांनी आम्हाला शेजारी बसवलं आणि म्हणाले, ‘इथे एकच भाषा. कट्ट आणि कडकट्ट.’ मोर्सची ती भाषा आम्ही दोघी वर्गात बाकावर बोटाने बोलायचो. सरांसाठी तेव्हा मी विहिरीत उडी घेतली असती, आणि फिलू माझ्यामागून.

मामाची आणि सरांची गाठ मीच घालून दिली. सरांच्या यंत्रातला ट्रान्सफॉर्मर जळला, तो मामाने हाताने तार गुंडाळून नवा करून दिला. सर त्याच्या दुकानात उभे राहून पाहत होते. ‘हा माणूस पाळण्यातून रेडिओ घेऊनच आलाय,’ ते मला म्हणाले आणि मला स्वतःचंच कौतुक झाल्यासारखं वाटलं. मामाने मान झुकवून, डोळे मिटून, बराच वेळ लावून विचारलं, परवाना माझ्यासारख्याला मिळतो का. परीक्षा इंग्रजीत असते, सर म्हणाले. मग त्याचा चेहरा पाहून म्हणाले, ‘बघू, काहीतरी करू. तुम्ही येत जा माझ्याकडे.’ त्यानंतर त्यांचं काय काय बोलणं झालं ते मला ठाऊक नव्हतं.

दरवर्षी नाताळच्या सुट्टीत पथकाचं शिबिर कारापूरला नदीकाठी व्हायचं. त्या वर्षी सरांनी जागा बदलली. पेडण्यात, धारगळच्या वरच्या सड्यावर, देवळाच्या मागे. मामाचं गाव म्हणून मी हुरळून गेले. कारण विचारायचं मला सुचलं नाही, कोणालाच सुचलं नाही. बाबांनी ट्रकची जुनी बॅटरी दिली, ती आम्ही बांबूला टांगून दोघीदोघींनी वर नेली. दोन काजूंच्या मध्ये तार बांधली. तंबू उभे राहिले, चुलीवर पातळभाजी शिजली, खाली धरली आणि करपलीच, ती आम्ही शिळ्या पावाबरोबर चाटूनपुसून खाल्ली. सड्यावर गवत पिवळं पडलेलं, वारा सुटलेला, आणि लाल धुरळा अजिबात नाही. मी पहिल्या दिवशी हातरुमालाने नाक पुसलं तर रुमाल पांढराच राहिला, तो मी फिलूला दाखवला.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला बाजूला बोलावलं आणि एक कागद दिला. परवान्याच्या परीक्षेचा फॉर्म, तो शिबिरात देईन असं ते आधीच म्हणाले होते आणि मी ते आईला सांगून ठेवलं होतं. वय पुरेसं होतं, खाली त्यांची शिफारस लागणार होती. ‘शिबिर संपलं की सही करतो,’ ते म्हणाले. ‘डिचोलीतली पहिली मुलगी असशील.’ मी तो फॉर्म चार घड्या करून लॉगबुकात ठेवला, आणि त्या दिवशी तो निदान दहा वेळा उघडून पाहिला असेल.

कोल्ह्याचा खेळ आम्हाला ठाऊक होता. सर जेवणाच्या डब्यात छोटंसं यंत्र बसवून ते झुडपात लपवत. ते पीं पीं करी. तो कोल्हा. आम्ही साधे ट्रान्झिस्टर घेऊन त्याला शोधायचो. एका जागी उभं राहून आवाज कुठे मरतो ते पाहायचं, होकायंत्र लावायचं, नकाशावर रेघ ओढायची. मग दुसऱ्या जागी जाऊन दुसरी रेघ. रेघा जिथे एकमेकींना छेदतील तिथे कोल्हा. बाकीची मुलं मोठ्या आवाजामागे धावत आणि झाडाझुडपांत भटकत राहत. मला मामाने शिकवलेलं होतं, त्यामुळे दोन्ही दिवस मी आणि फिलूच पहिल्या आलो.

तिसऱ्या दिवशी चहा झाल्यावर सर म्हणाले, ‘आजचा कोल्हा गातो. आणि आज तो लांब आहे.’ त्यांनी काटा एका जागी लावून दिला. मी ट्रान्झिस्टर कानाशी धरला आणि पेटीचा सूर ऐकू आला. मग राक्षस गरजला. मग खाजेवाला.

फिलूने विचारलं, ‘कितें जालें गो, हांसता कित्याक?’ मी सांगितलं नाही. कारण मला एका क्षणात सगळं कळलं होतं, म्हणजे कळलं असं वाटलं होतं. ही टेप जगात एकच होती, आणि ती मामाची. म्हणजे सरांनी मामालाच खेळात घेतलंय. म्हणून तर शिबिर इथे आणलं. मामाचा आणि सरांचा हा बेत आहे, आणि आजचा कोल्हा माझा मामा आहे. दुसऱ्या कोणाला हे आधी कळू नये म्हणून मी गप्प राहिले. पहिली रेघ सड्यावरून ओढली, दुसरी देवळाच्या तळीवरून. रेघा काजूच्या बागेत छेदल्या, बरोबर खोपीवर. सरांनी माझ्या खांद्यावरून नकाशा पाहिला. ‘नक्की?’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ‘नक्की, सर. डोळे मिटून जाईन.’ त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मग म्हणाले, ‘जा तर. आम्ही मागून येतो.’

आज इतक्या वर्षांनी त्या ‘नक्की?’चा विचार करते. त्या एका शब्दात त्यांनी मला एक संधी दिली होती, की स्वतःला, की तो नुसता मास्तरांचा सवयीचा प्रश्न होता? मी तेव्हा त्यांच्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. मी नकाशाकडे पाहत होते आणि मला फार आनंद झाला होता.

आम्ही दोघी उतारावरून धावत सुटलो. पायात काटे मोडले, फिलूची वेणी सुटली. खोपीचं दार पुढे ओढलेलं होतं. आतून राक्षसाचा आवाज येत होता, एकदा कानाशी ट्रान्झिस्टरमधून आणि एकदा सरळ दारातून. मी दार ढकललं आणि ओरडले, ‘सापडलो कोल्हो!’ मामा मातीच्या भांड्यांमध्ये चटईवर बसलेला होता. समोर टेप, शेजारी लाकडी खोक्यात बसवलेलं यंत्र, आणि वर छतातून काजूवर गेलेली तार. तो दचकला, मग मला पाहून हसला. खरंच हसला. ‘तू? तू क... कशी...’ असं काहीतरी तो म्हणत होता, आणि फिलू मागून नाचत होती, ‘सुमन, आमी जिखलीं गो!’ तेवढ्यात मामाची नजर माझ्या डोक्यावरून मागे गेली.

मागे सर होते, आणि सरांच्या मागे दोन अनोळखी माणसं, आणि एक पोलीस. जीप खाली रस्त्यावर उभी होती, ती आम्ही धावताना पाहिली नव्हती. त्यांतला एक माणूस सरांना म्हणाला, ‘मास्तर, तुम्ही चार दिवस म्हणालात, तीनच लागले.’ पोलिसाने वाकून टेप बंद केली. सड्यावर आमच्या बाकीच्या मुलांच्या हातातले ट्रान्झिस्टर त्या क्षणी एकदम मुके झाले असतील. मामाने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तो मला सोसला असता. तो विचारत होता. मान एका बाजूला झुकली, डोळे मिटले, आणि पहिलं अक्षर काही केल्या सुटेना. ते त्याला तसाच घेऊन गेले.

मी सरांचा हात धरला. म्हटलं, सर, सांगा ना त्यांना, हा खेळ आहे. सरांनी हात सोडवला नाही. खाली वाकून, अगदी हळू आवाजात म्हणाले, ‘सुमन, कायदा तो कायदा. विनापरवाना यंत्र होतं. पण मला कुठे ठाऊक होतं, की तुझे मामा निघतील?’ आणि माझा त्यावर विश्वास बसला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मी अगदी खरं लिहिते. तोंडाने माणूस काहीही बोलतो, डोळ्यांनीही बोलत असावा.

घरी आईने एकदाच विचारलं. ती तांदूळ निवडत होती, तिने सुपातून मान वर केली नाही. ‘तुका म्हायत होता, थय दिगू आसा म्हणान?’ मला लॉगबुकाची सवय लागलेली. मी खरं सांगितलं. ‘होय. टेप ओळखली मी. पण मला वाटलं, की...’ पुढचं आईने ऐकलं नाही. सूप तसंच घेऊन ती आत गेली. त्यानंतर कितीतरी दिवस ती माझ्याशी पेज वाढण्यापुरतंच बोलली. ‘मला वाटलं, की’ या तीन शब्दांच्या पुढे काय होतं, ते मी तिला तिच्या शेवटच्या आजारपणापर्यंत सांगू शकले नाही, आणि तेव्हाही तिने फक्त माझ्या हातावर थोपटलं.

मामाला आठ दिवस ठेवून घेतलं. आंदोलनाचे दिवस, त्यात चोरटं स्टेशन. रस्ते अडवणाऱ्यांना हा गाण्यांतून खुणा देतो, असा संशय होता. कुठलं गाणं म्हणजे कुठला रस्ता, असं त्याला रोज विचारत. बोलताना अडखळणाऱ्या माणसाला उलटसुलट प्रश्न विचारले तर तो खोटारडाच वाटतो. खरं तर त्याने त्या यंत्रावर कधी एक शब्द उच्चारला नव्हता. हमरस्त्यावरच्या चहाच्या टपऱ्यांवर माणसं संध्याकाळी दशावतार ऐकायची, कोण लावतो हे कोणाला माहीत नसे, आणि मामा तिथे चहा पीत बसून लोक हसताना पाहायचा. बोलता न येणाऱ्या माणसाची ती हौस होती. दुकानातलं सगळं सामान जप्त झालं, लोकांचे दुरुस्तीला आलेले रेडिओसुद्धा. ते परत मिळेपर्यंत गिऱ्हाईक तुटलं होतं. मामा पुढे खाणीवर खनिज वाहणाऱ्या पट्ट्याच्या देखरेखीला लागला, बाबांच्याच ओळखीने. त्या आवाजात त्याचा एक कान गेला.

फॉर्म मी चुलीत घातला. शिबिरातून आल्याच्या चौथ्या दिवशी, आई विहिरीवर गेली असताना. चार घड्या होत्या म्हणून तो लवकर पेटला नाही, फुंकणीने फुंकावं लागलं. पथकाची वही फिलूच्या हाती परत पाठवली. सर एकदा घरी आले. मी मागच्या दाराने बागेत गेले आणि ते जाईपर्यंत फणसाखाली बसून राहिले. राग त्यांच्यावर नव्हता, हे कोणाला पटणार नाही. राग माझा माझ्यावर होता. सरांना ठाऊक नव्हतं, मला ठाऊक होतं. टेप मी ओळखली होती, आणि जिंकायच्या हावेने मी गप्प बसले. मीच ‘नक्की’ म्हटलं होतं. या हिशेबाने मी माझं आयुष्य काढलं. गोवा राज्य झालं तेव्हा शाळेत पेढे वाटले, बाहेर फटाके वाजले, फिलूने मला मिठी मारली. मला एवढंच आठवतं, की कार्यक्रमाचा लाउडस्पीकर बिघडला होता आणि तो दुरुस्त करायला कोणी मिळत नव्हतं. त्या वर्षी भाऊबीजेला आईने पाच प्रकारचे फोव, म्हणजे पोहे, केले. मामा आला नाही. पुढच्या वर्षी आला, बसला, खाल्लं, माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या दिवसाबद्दल त्याने तेव्हाही काही म्हटलं नाही आणि पुढेही नाही.

मी रेडिओला पुन्हा हात लावला नाही. शिक्षिका झाले, भूगोल शिकवला. मुलांना नकाशावर रेघा ओढायला शिकवलं, पण रेघा छेदतील तिथली खूण मी त्यांनाच करायला लावायची.

शोकसभेनंतर पंधरा दिवसांनी सरांच्या मुलाचं पार्सल आलं. त्यांच्या कपाटात माझ्या नावाची चिठ्ठी लावून ठेवलेली एक वही होती, म्हणून पाठवतो, असं त्याने लिहिलं होतं. ती पथकाची वही नव्हती. सरांची स्वतःची होती, घरची. इंग्रजीत, त्यांच्या तिरप्या अक्षरात. शिबिराच्या वर्षाची पानं उघडली. कोण कोण, कुठला देश, आवाज कसा. आणि मग, शिबिराच्या दीड महिना आधी, दोन ओळी. ‘धारगळ. दिगंबरकडे. काजूच्या बागेतल्या खोपीत घरी केलेलं यंत्र, मध्यम लहरी. काम अतिशय स्वच्छ. चहा घेतला. परवान्याचं पुन्हा विचारत होता.’ त्याखाली दोन आठवड्यांनी, ‘बिनतारी खात्याची माणसं घरी आली. चोरट्या स्टेशनाचा संशय माझ्यावर. परवाना काढून घेऊ म्हणतात.’ मग, ‘शिबिराची जागा बदलली.’ आणि शेवटी, ‘कोल्हा सापडला. शोधक सुमन आणि फिलोमिना. वेळ एक तास पस्तीस मिनिटं.’

मी ती पानं कितीदा वाचली ते सांगत नाही. त्यांना काही शोधायचंच नव्हतं. त्या खोपीत बसून ते चहा पिऊन आले होते. मामाने विश्वासाने दाखवलं होतं, कदाचित आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी. त्यांना फक्त बोट दाखवायला दुसऱ्याचा हात हवा होता, म्हणजे आपण सांगितलं असं व्हायला नको, आणि पथकातल्या इतक्या हातांपैकी त्यांनी माझा निवडला, कारण तो चुकणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. वर ‘मला कुठे ठाऊक होतं’. वहीत खोटं लिहिलं नाही, हे मान्य. तो नेम त्यांनी पाळला. पण पस्तीसएक वर्षं आम्ही एकाच तालुक्यात राहत होतो, बाजारात दिसायचो. ते नमस्कार करायचे आणि मी अपराध्यासारखी मान खाली घालायची. मी मान खाली घालायची! मेल्यावर कपाटातून वही पाठवणं याला कोणी कबुली म्हणो, मी म्हणत नाही. मी त्यांना माफ केलेलं नाही.

वही घेऊन मी धारगळला गेले. मामा आता ऐंशीच्या पुढे आहे. हमरस्ता रुंद झाला, त्यात दुकानाची जागा गेली. तो ओसरीवर बसलेला होता, चांगल्या कानाशी ट्रान्झिस्टर धरून. मी त्याच्या शेजारी बसले आणि मोठ्याने, मराठीत करून, त्या ओळी वाचून दाखवल्या. त्याने रेडिओ बारीक केला आणि शेवटपर्यंत ऐकलं.

‘म... म्हायत होता माका,’ तो म्हणाला.

‘काय माहीत होतं?’

‘त्यांका म्हायत होता ता. माझ्याकडे च... चाय घेतल्यानी होती थय बसान. तू दारात येयलंस, मागे ते दिसले. तेव्हाच समजला. तुझी काय चूक ना, ता.’

मी वही मिटली. मग इतकी वर्षं गप्प का राहिलास, मी विचारलं. आईला तरी सांगायचंस. मला तरी. माझा आवाज चढला असावा, कारण मामी आतून दारात आली.

मामाने मान एका बाजूला झुकवली, डोळे मिटले. मी थांबले. मला त्याच्यासाठी थांबायची सवय आहे.

‘तुझो फ... फॉर्म त्यांच्या सहीक रवलेलो. तुझ्या आवशीन सांगल्यान होता, शि... शिबिरासून येताना आणतला म्हणान. मी बोललंय असतंय, तर तू त्यांच्या दारात गेलं नसतंस. माझो प... परवानो गेलोच होतो. तुझो कित्याक जाऊचो?’

आई विहिरीवर होती, मी एकटीच होते, फुंकणीने फुंकावं लागलं होतं. हे मी कधी कोणाला सांगितलेलं नव्हतं. मामाला वाटत होतं, परीक्षा मला जमली नसेल, किंवा लग्नात राहून गेली असेल. विचारून मला वाईट वाटायला नको म्हणून त्याने तेही विचारलं नव्हतं.

‘मी गेलेच नाही, मामा,’ मी म्हटलं. ‘त्याच आठवड्यात जाळला तो फॉर्म. तुझ्यासाठी.’

ट्रान्झिस्टर त्याच्या मांडीवर बारीक आवाजात चालू होता. त्याने तो बंद केला.

‘म्हणजे माझा गप रवणा फुकटच गेला,’ तो म्हणाला, आणि एकाही अक्षराला अडखळला नाही.